कारण

तिसऱ्या मजल्यावर, फूड कोर्टच्या मागे
उणे पाच अंशांचा एक हॉल आहे.
तिथलं वादळ माझ्या ताब्यात.
चौथं बटण. नव्वद सेकंद.
दिवसाला अकरा वादळं, रविवारी सोळा.

बाहेर घोडबंदर रोडवर मे महिना
डांबराला चिकटलेला.
आत पोरं भाड्याच्या कोटांत किंचाळतात,
बाप मोबाइल गारठला म्हणून भांडतात
आणि मी काचेमागे डबा उघडतो :
सुकट, भाकरी.
बर्फ मला नवा नाही.
चेंदणीला माझा बाप पहाटे लाद्या फोडायचा,
भुसा झटकून पाटीतल्या बोंबलांवर पसरायचा.
आमच्यात बर्फ म्हणजे मासळीचं पांघरूण.
त्यावरून घसरायला लोक पैसे मोजतात
हे सांगितलं तेव्हा
तो इतका हसला की ठसका लागला.

बुधवारी दुपारी एकच तिकीट फाटलं.
मंदाकिनी कारखानीस, वय एकोणसत्तर,
राहणार नौपाडा.
रुक्सानाने विचारलं, सोबत कोण?
बाई म्हणाल्या, गुडघे. दोन. त्यातला एक नवीन.

स्की चढवायच्या आधी
त्यांनी माझ्या काचेवर टकटक केली.

"चौऱ्याऐंशी साली औलीला गेले होते.
बँकेतल्या आम्ही चौघी.
प्रवास सोडून हातात तीन दिवस,
आणि तिन्ही दिवस वादळ.
एक शेगडी. पत्त्यांत चौकटचा गुलाम नव्हता,
त्याच्या जागी बसचं तिकीट.
खिडकी म्हणजे कुणीतरी सतत झटकत असलेलं
पांढरं फडकं.
तिसऱ्या संध्याकाळी हट्टाने बाहेर पडले.
वीसेक पावलं घसरले, आपटले,
टोपी उडाली ती गेलीच.
सकाळी ट्रक मिळाला, उतरताना पडतच होतं.
खाली पोचल्यावर कळलं,
दुपारी वर उघडलं म्हणे. लख्ख.
सोमवारी मी काउंटरवर.
वादळ मी पाहिलंय हो.
वादळानंतरचं राहिलंय."

उतार आमचा चौदा मीटर.
मी चौथं बटण दाबलं.
पंखे घोंगावले, भुगा उडाला,
त्यात बाई दिसेनाशा झाल्या
आणि मग दिसल्या :
गुडघे वाकवलेले, कोपर अंगाशी,
चाळीस वर्षं कुठेतरी घडी करून ठेवलेला तोल
नीट उलगडत खाली येत होता.
सहा सेकंद.
तळाशी त्या उभ्याच राहिल्या.

वादळ संपलं.
लगेच नेहमीचं गाणं, जांभळे-हिरवे दिवे,
"कृपया डावीकडच्या दाराने बाहेर पडा."
बाईंनी काचेकडे पाहिलं
आणि तळवा कानाशी नेला.

मी गाणं बंद केलं.
दिवे एक सोडून सगळे.
तरी त्यांचा तळवा कानाशीच.
तेव्हा मला ऐकू आलं
जे मला चार वर्षांत ऐकू येईनासं झालं होतं :
कॉम्प्रेसर.
त्याला हात लावायची परवानगी मला नाही.

तो थांबला तेव्हा
लिलाव उठल्यावर धक्क्यावर येते
तशी शांतता आली.
कोटाच्या बाहीवरून भुगा घसरला
त्याचाही आवाज झाला.
बाईंनी टोपी काढली,
दोन्ही हातांत धरली
आणि वर बघत राहिल्या,
वर तर नुसते पत्रे, पाइप, एक पिवळा दिवा.
किती वेळ? चार मिनिटं.
मी घड्याळ बघत होतो, नोकरी माझी होती.

जाताना डिपॉझिटचे दोनशे
त्यांनी बँकेच्या बोटांनी मोजून घेतले.
माझ्याकडे पाहिलंही नाही,
आणि ते बरंच झालं.

रात्री नोंदवही. लोबो सर खुर्चीमागे उभे.
वेळ : तीन वाजून दहा.
तापमान : उणे पाचवरून उणे साडेतीन.
कारण :
पेन तिथे बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा बारीक ठिपका पडला.
मग लिहिलं,
दार उघडं राहिलं.